ढगे वस्तीची घागर

१८ एप्रिल २०१६ रोजी मी माजलगावहून टँकरच्या पॉवर स्टिअरिंगचा पाइप आणि तेल आणले. एकूण एक हजार दोनशे चाळीस रुपये. दुष्काळात आमच्या दूध संस्थेने पाण्याचा एक टँकर चालवायला घेतला होता. त्याच्या खेपा मी ठरवायचो, ड्रायव्हर होता उत्तरेश्वर.

उत्तरेश्वर आधी बरीच वर्षे बायकोबरोबर ऊसतोडीला जायचा. टँकरवर आल्यापासून ज्या वस्तीची खेप, तिचेच पाणी, हा त्याचा नियम. सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने वाटेत कधी तांब्याभर पाणी दिले नाही. मेव्हणा चार माणसांत म्हणायचा, "आमचे दाजी पान्यापरीस महाग हायेत."

त्या दिवशी भरला टँकर घेऊन तो ढगे वस्तीकडे निघाला. त्याचे घर वाटेवरच. तिथे पोचेपर्यंत स्टिअरिंग जड झाले. पाइप चिरून तेल गळत होते आणि पुढे उतार होता. त्याने गाडी दारात उभी करून मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा तो गाडीखाली होता. जुना पाइप काढलेला, खाली घमेले, तरी बरेच तेल मातीत मुरलेले. त्याने नवा पाइप बसवला, तेल ओतले आणि इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवत आतली हवा काढली.

तेवढ्यात वस्तीवरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन चालत आल्या. सगळ्यांत पुढे म्हातारी छबुबाई. गाडीखालची ओली माती तिने बोटाने उचलून हुंगली. तेल आहे हे तिला कळले, तरी तिने विचारलेच, "आमचं पानी तुझ्या दारात कशापायी?"

"मावशी," उत्तरेश्वर म्हणाला, "एक थेंब घेतला आसंल तर हात झडंल माझा."

छबुबाई त्याच्या घराकडे पाहत होती. टँकरच्या मागच्या तोटीपासून उंबऱ्यापर्यंत थेंबांची रेघ गेली होती. आत काठोकाठ भरलेली घागर. शेजारी त्याची बायको मंजुळाबाई खाली मान घालून उभी.

तो गाडीखाली असताना हे झाले होते. पण 'मला ठाऊक न्हवतं' एवढेही तो म्हणाला नाही. आत गेला, घागर उचलली आणि पाणी परत ओतायला टँकरच्या शिडीवर पाय ठेवला.

छबुबाईने अडवले. "त्या तेलाच्या हातानं वतू नको. समदं पानी नासंल."

त्याने शिडीवरचा पाय काढला आणि घागर परत उंबऱ्यात ठेवली. घागरीला त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. मी दुसरीकडे पाहिले.

मग तो टँकर घेऊन निघाला. स्टिअरिंग आता एका बोटाने फिरत होते. त्याने बायकांना गाडीत बसायला सांगितले, पण एकही बसली नाही. त्या मागून चालत आल्या.

पुढच्या पाळीला स्वतःच्या घरचे पाणी मिळाले, तेव्हा तो घागर डोक्यावर घेऊन वस्तीवर गेला. "आमचा टँकर यिऊन गेला," असे छबुबाईने सांगितले आणि घागर उतरवून घेतली नाही. तो भरली घागर घेऊन परतला. नंतर त्याने माझ्याकडून ढगे वस्तीची खेप बदली ड्रायव्हरला द्यायला लावली.

एक घागर पाणी अजून देणे आहे.