कशावरून सर

आमच्या सरांनी स्वतःच्या लग्नात भटजींना अडवलं होतं. भटजी म्हणाले, "मुहूर्ताची घटका भरली." अंतरपाटामागून सरांचा प्रश्न आला, "कशावरून?" भटजींना पंचांग उघडून सगळं गणित मांडावं लागलं आणि तोवर वऱ्हाडाच्या मुठीतल्या अक्षतांना मोड आले. मी त्या लग्नाला नव्हतो, माझा जन्मही झाला नव्हता. पण गोष्ट शंभर टक्के खरी.

रोह्याच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं, आमच्यासाठी ते 'कशावरून सर'. आवक घटली की भाव चढतो, असं मी पुस्तकातून घडाघडा वाचून दाखवलं, तर म्हणाले, "कशावरून? जा, पूल ओलांडून अष्टमीच्या बाजारात विचारून ये." तिथल्या कोळणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मावरा घ्याचाय का परीक्षा द्याचीय?" मी बोंबील घेऊन परतलो आणि पेपरात पहिला आलो. कुंडलिकेला पूर आला असताना शिपाई धावत आला, "सर, पाणी पुलावर चढतंय!" सर खिडकीशी गेले, नदीकडे बघून म्हणाले, "कशावरून?" नदी ओशाळून दोन हात खाली गेली. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

पुढे एका सरकारी बँकेने त्यांना मुंबईच्या मुख्य कार्यालयात अर्थतज्ज्ञ म्हणून बोलावलं. "पुस्तकातली बँक शिकवून झाली, आता खरी बघतो," म्हणाले आणि गेले. चढत चढत इतक्या वर पोचले, की त्यांच्या सहीचा कागद पेणला आला की शाखेचे मॅनेजर आधी शर्टाचं वरचं बटण लावत. हे मला ठाऊक, कारण तेव्हा मी त्याच शाखेत कारकून होतो.

आणि त्याच शाखेत सुमनकाकूंचं प्रकरण झालं. काकूंचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीने सांभाळला. ज्येष्ठात बँकेचा तपासणी अधिकारी आला. फळ्यांवर शेकडो पांढरे गणपती पाहून त्याने लिहिलं, 'माल तीन महिन्यांहून अधिक पडून आहे, उठाव नाही.' अशा मालावर पैसे द्यायचे नाहीत, नियमच तसा होता. काकूंची कर्जाची उचल थांबली. आता रंग कशाने आणायचा? रंगाऱ्यांची मजुरी कशी द्यायची? आणि चतुर्थीला बिनरंगाचा गणपती कोण घरी नेणार? कारखाना त्या वर्षीच बंद पडायचा.

मी धीर करून सरांना फोन लावला. "सर, नियम चुकीचा आहे."

"कशावरून?"

"येऊन बघा."

तिसऱ्या दिवशी एवढा मोठा साहेब पेणहून एसटीने जोह्याला उतरला. काकूंनी पदराला हात पुसले. "गो, सायबाला च्या ठेव," असं आत ओरडल्या आणि थेट विचारलं, "सायेब, ह्यो नियम कोनी लिवला?"

सरांनी चष्मा काढला. "मी."

मी गार झालो. काकू मात्र डगमगल्या नाहीत. "कशावरून?"

उभा जन्म सरांनी जगाला विचारलेला प्रश्न त्यांना उलट कोणी विचारलाच नव्हता. "आकड्यांवरून," ते हळू आवाजात म्हणाले.

"आकड्यानला चतुर्थी कवा येते ती कलते का? भादव्याचा गणपती शिमग्यात कोन नेल?"

सर तिथल्याच प्लॅस्टरच्या गोणीवर बसले. "चुकलं माझं," म्हणाले. मग दिवसभर तिथून हलले नाहीत. साचा, सुकवण, घासकाम, रंग, शेवटी डोळ्यांची आखणी, सगळं विचारून घेतलं. संध्याकाळी उठले तेव्हा मागची बाजू प्लॅस्टरने पांढरी, ते स्वतःच अर्धे मूर्ती झाले होते.

मुंबईत जाऊन त्यांनी लिहून दिलं, 'नियम माझा, चूक माझी.' वरचे म्हणाले, "तुमच्या नावाला बट्टा लागेल." सरांनी काय विचारलं असेल ते सांगायला नको. हंगामी धंद्यांपुरता तो नियम उठला. काकूंची उचल मोकळी झाली आणि पोळ्याच्या आत त्यांचा शेवटचा गणपती रंगून तयार होता. निवृत्त होऊन पेणला राहायला आल्यावर सर दर श्रावणात आखणी बघायला जोह्याला जात. त्याच कोपऱ्यात, गोणीवर बसत.

गेल्या वर्षी सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली. एक वक्ते गहिवरून म्हणाले, "सर आयुष्यात कधीच चुकले नाहीत."

"कशावरून?"

आवाज मागून आला. मी तर 'हजर सर' म्हणून उभाच राहणार होतो. मागच्या बाकावरून काकू उठल्या. नखांत पिवळा रंग तसाच. "चुकलं व्हतं सायबांचं. माज्या कारखान्यात बसून तसं बोलले. म्हनून तं कारखाना हाय." एवढं म्हणून बसल्या, पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर कोणाला भाषण करता आलं नाही.

ही एक गोष्ट मी जराही फुगवलेली नाही. कशावरून, म्हणाल तर आषाढात जोह्याला जा. फळ्यांवर पांढरे गणपती रंगाची वाट बघत बसलेले दिसतील. त्यांना पडून असलेला माल आता कोणी म्हणत नाही.