बिनफळाच्या वेलीची खरड छाटणी

गंगापूर रोडला ज्या बंगल्याच्या मागच्या खोलीत मी राहते, तिथं फळ देणाऱ्या झाडाला प्रवेश नाही. तसा नियम कुणी सांगितला नव्हता, पण मला तो हळूहळू कळला. क्रोटन आहेत, पाम आहेत, कुंडीत कोंडलेला एक वड आहे. त्याचं वय माझ्याएवढं आणि उंची माझ्या गुडघ्याएवढी. तरी येणारा-जाणारा त्याचंच कौतुक करतो. ठिपक्यांच्या रुंद पानांचं एक झाड आहे, त्याचं पान चुकून चावलं तर जीभ सुजते. म्हणून ते दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या सोफ्याशेजारी ठेवलंय.

मी वणीजवळच्या खेड्यातली. आमच्याकडे झाडाला पाणी घातलं तर त्यानं काहीतरी परत द्यावं, निदान कढीपत्ता तरी, अशी अपेक्षा असते. त्यामुळं सुरुवातीला ही बाग मला भरपगारी रजेवरच्या लोकांसारखी वाटायची. नंतर मत बदललं. पूर्ण नाही, थोडंसं. सकाळी पाणी घालताना क्रोटनची लाल-पिवळी पानं ओली झाली की मी बादली खाली ठेवून बघत राहायची. हे घरी कधी सांगितलं नाही. घरातलं पहिलं माणूस कॉलेजात गेलं आणि पानं बघत बसलं, हे ऐकायला काही बरं नाही.

बागेतला सगळ्यात मोठा मान पोर्चवरून खाली सोडलेल्या वेलीला. घरमालकीण काकूंनी ती लेकीच्या लग्नाआधी लावलेली. फुलं नावापुरती, वास नाही. तिच्यामुळं भिंतीला ओल यायची, पन्हळ पानांनी तुंबायची आणि डासांचं तर तिथं माहेरच होतं. पण वेलीमुळं दुपारी दिवाणखाना गार राहायचा आणि समोरच्या बंगल्यातल्या बाई दिसायच्या नाहीत. काकूंचं त्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यामुळं दुसऱ्या फायद्याची किंमत जास्त.

एप्रिलमध्ये माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. पुढच्या वर्षी खोली द्यायची की नाही, हे काकू परीक्षेनंतर सांगणार होत्या. माझ्या दृष्टीनं खोली म्हणजेच कॉलेज होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाशिकमध्ये हे एकच घर पसंत केलं होतं. ते गेलं की घरी परत, आणि घरी आत्या स्थळं घेऊन तयारच होती.

अशात एका दुपारी आप्पा शेवग्याच्या शेंगा घेऊन आले. मी प्रॅक्टिकलला गेलेली. काकूंनी त्यांना पोर्चमध्ये खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाऊन आडव्या झाल्या. आता एप्रिल म्हणजे द्राक्षबागांच्या खरड छाटणीचा महिना. त्यात सगळा पाला-काडी उतरवून वेलीवर एक-दोन डोळ्यांचे, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या गाठींचे, खुंट तेवढे ठेवतात. आप्पा एका बागेची छाटणी उरकून तसेच आले होते, कात्री पिशवीत होती. समोर वर्षानुवर्षं न छाटलेली वेल. असा माणूस नुसता बसेल, ही अपेक्षा काकूंनी करायला नको होती, असं मला अजूनही नम्रपणे वाटतं.

मी आले तेव्हा पोर्चवर खुंट उरले होते. कापलेल्या फांद्यांच्या मोळ्या फाटकाशी नीट रचलेल्या. समोरच्या बाई त्यांच्या गॅलरीत उभ्या होत्या आणि कपडे वाळत घालायला त्यांना फार वेळ लागत होता.

“लय माजली व्हती,” आप्पा घाम पुसत म्हणाले. “आता बघ कशी फुटंल.”

“आप्पा, ती शोभेची हाय,” मी म्हणाले. घाबरले की माझं शहरातलं मराठी आधी पळतं.

“मंग? शोभेचीला डोळं नसत्यात का?”

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. वेलीकडं पाहिलं, समोरच्या गॅलरीकडं पाहिलं आणि आत गेल्या. संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, “वेल फुटली तर राहा. नाही फुटली तर दुसरी खोली बघ.”

विद्यापीठाचा अभ्यासक्रम मला त्या मानानं सोपा वाटला. पेपरला जाण्याआधी मी शिडीवर चढून खुंट तपासायची. आप्पांचा रोज फोन यायचा. पेपर कसा गेला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. “डोळा फुगला का?” एवढंच. दिवाणखान्यात दुपारभर ऊन यायचं. काकूंनी खिडकीला जुनी चादर लावली आणि पाहुणे आले की ती का लावली, हे माझ्याकडं बघून सांगायच्या. पाहुणेही माझ्याकडं बघायचे. झाडं छाटणाऱ्या घराण्यातली म्हणून माझी ओळख झाली. कॉलेजनं एवढी कधी करून दिली नव्हती.

शेवटचा पेपर देऊन आले आणि शिडीवर चढले, तर दोन खुंटांवर हिरवे ठिपके. मी काकूंना हाक मारली. त्या चष्मा लावून खालून बराच वेळ बघत राहिल्या.

“हे वर चाललंय. खाली कधी यायचं?”

आप्पांनी फोनवर सांगितलं, पहिल्यासारखी व्हायला दोनेक वर्षं लागतील. मी ते भीतभीत तसंच सांगितलं.

“मग दोन वर्षं तूच पाणी घालायचं,” काकू म्हणाल्या. “जायचं नाही मध्येच.”

पदवीला मला एकच वर्ष उरलंय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीत आप्पा आले. काकूंनी फराळाची बशी पुढं केली, त्यांची पिशवी उचलून आत कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मग समोर बसून म्हणाल्या, “भाऊ, निवांत खा.” आप्पा चिवडा खात होते आणि मान वाकडी करून कुंडीतल्या वडाकडं बघत होते.