गुटीला वेणीची गाठ

नातू गच्चीवर कुंड्यांत बुटकी झाडं वाढवतो. काल त्याने वडाच्या फांदीलाच मुळं फुटून नवं रोप व्हावं म्हणून बांधलेली गुटी दाखवली. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती. ओल्या शेवाळाचा वास आला आणि मला बाबांची गुटी आठवली.

मी तिसरीत होते. आमच्या भुईगावच्या वाडीतल्या विहिरीला खारं पाणी लागलं आणि बाबांचा सगळ्यात गोड चिकू वाळत गेला. एकच फांदी हिरवी राहिली. बाबांनी तिची साल गोल काढली, माती-शेवाळ लावून गोणपाट बांधलं आणि वर थेंब गळणारं मडकं टांगलं. मडकं भरायचं काम माझं. गोणपाटातून काही दिसत नसे. मुळं फुटली का ते बघायला मी एका दुपारी ते सोडलं. मातीचा गोळा निखळला आणि कोवळी मुळं हातात तुटून आली. गोळा परत दाबून मी सुतळी बांधली. मला एकच गाठ येत होती, वेणीची.

संध्याकाळी बाबांनी गाठ पाहिली.

"हे कोणी सोडलं?"

"कावळ्याने," मी म्हटलं.

त्यांनी माझी वेणी उचलून टोकाची गाठ पाहिली. "कावळा वेणी घालायला शिकला वाटतं."

मी डोळे मिटून माराची वाट पाहिली. बाबा विहिरीकडे निघून गेले. फांदी आठवडाभरात वाळली.

"आजी, हात लावून बघ ना," काल नातू म्हणाला.

मी दोन्ही हात पाठीमागे धरले.