शब्दांना माणसं

कंपनीची बस आकुर्डीहून चाकणकडे निघाली की भोसरी यायच्या आत मला डुलकी लागायची, आणि त्या डुलकीत सासरची मंडळी इंग्रजी नावं घेऊन यायची. धुक्यात चुलतसासरे उभे, पार्सिमोनियस, अर्धं बिस्कीट पुन्हा खिशात ठेवणारे. त्यांच्यामागे कोपऱ्यावरच्या मावशी, गॅर्युलस, एरवी अखंड बडबडणाऱ्या, आता ओठ हलतायत पण आवाज नाही. आवाज नसलेल्या मावशी! सुखच ते. बस चाकणला थांबली तरी उठावंसं वाटायचं नाही.

हे सगळं सासूबाईंमुळे. कंपनी मला वर्षभर परदेशी ट्रेनिंगला पाठवणार होती, पण आधी इंग्रजीची परीक्षा. मला जायचं होतं, अगदी जीव तोडून जायचं होतं. घरात मात्र त्या विषयावर सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले. नवरा एवढंच म्हणायचा, आई काय म्हणते ते बघू.

संध्याकाळी गच्चीवर मी मोबाइलमधले शब्द घोकायची. शेजारी सासूबाई पावटे सोलत असायच्या आणि वाकडच्या टॉवरांत एकेक दिवा लागत असायचा. एकदा त्यांनी कुरकुरत विचारलं, कसली ही पोपटपंची? मी सांगितलं, सायकोफंट म्हणजे लाळघोट्या. त्या खुदकन हसल्या. नगरसेवकाच्या मागेपुढे करणारा भाचा आठवला होता त्यांना. झालं, तेव्हापासून मी अर्थ सांगायचा अवकाश, त्या गावातला एखादा नग हजर करायच्या, वर त्याचा किस्साही. घोकून जे डोक्यात शिरत नव्हतं, ते चहाड्यांनी पक्कं बसलं.

मी पास झाले. पेढे घेऊन गच्चीवर गेले तर नवरा आधीच तिथे, मान खाली घालून. म्हणाला, वर्ष म्हणजे फार होतं गं, आईला झेपायचं नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाईंनी पेढा नुसताच हातात धरला होता.

"सगळ्या गावाला शब्द वाटलेस," त्या मला म्हणाल्या. "माझ्यासाठी कंचा ठेवलास?"

रागात होते, खोटं कशाला बोलू? "ऑब्स्टिनेट. म्हणजे हेकट."

नवऱ्याने डोळे वटारले. सासूबाईंनी पेढ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग सावकाश त्याच्याकडे वळल्या.

"ऐकलंस नव्हं? हेकट हाय मी. ही जाणार."