सूसैचं बोट

सूसै मच्याडोच्या उजव्या तर्जनीला आमच्या किनाऱ्यावर जो मान होता, तो तुतिकोरीनच्या नगरसेवकांनाही नसेल. नगरसेवक दर निवडणुकीला बदलतात. बोट तेच होतं.

शंख वाळूत गाडलेला असतो, वर राहते ती नखाएवढी कड. तळाशी पाणी इतकं गढूळ, की मुखवट्याच्या काचेतून स्वतःचं मनगट दिसलं तरी पुष्कळ झालं. शोधायचं ते बोटांनी. सूसै पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून उतरायचा, तळावर पालथा होऊन सरकायचा आणि तर्जनीनं वाळू चाचपायचा. जिवंत शंख कोणता, आत नुसता खेकडा बिऱ्हाड करून राहिलाय तो कोणता, हे त्याला खालीच कळे. परत समुद्रात टाकावा लागेल इतका लहान कोणता, हेसुद्धा. एक लाकडी कडं घेऊन किनाऱ्यावर बसायचं आणि त्यातून आरपार जाणारे लहान शंख बाजूला काढायचे, हे माझं काम. सूसैच्या पिशवीला माझी कधी गरज पडली नाही.

हातमोजे तो घालत नसे. कोणीच घालत नसे. "मोजे घालून शंख शोधायचा म्हणजे पडद्याआडून बायको ओळखायची," तो म्हणे.

"पडदा नसला तरी कुठं ओळखता?" त्याची बायको लूर्दम्माळ म्हणे.

मोजे नाहीत म्हणून हाताला ओरखडे, आणि पाणी असं आहे म्हणून ओरखड्यांचे फोड. शंख हल्ली उरलेत ते खाडीच्या तोंडाशी, जिथं शहराची सगळी गटारं येऊन मिळतात. शंखांची त्याबद्दल काही तक्रार दिसत नाही. पाणबुड्यांचीही नव्हती. तरुण पोरं तर लग्नाची मुलगी बघायला जाताना बाह्या दुमडून जायची. हातावर व्रण नसलेला पाणबुड्या म्हणजे नुसता सिलिंडर वाहणारा हमाल.

जखमेवर आमचा उपाय ठरलेला. होडीतून उतरतानाच जखम समुद्राच्या पाण्यानं चोळून धुवायची आणि तशीच उन्हात वाळवायची. समुद्र आमची आई, कडलम्मा. तिनं दिलेली जखम तीच बरी करते. त्यावर गोडं पाणी ओतणं म्हणजे आईनं वाढलेलं ताट विसळून घेण्यासारखं. आमचे आजे श्वास रोखून बुड्या मारायचे, त्यांच्या जखमा अशाच बऱ्या झाल्या. पण तेव्हाचं पाणीही तेव्हाचं होतं.

एका वाऱ्याच्या हंगामात सूसैच्या तर्जनीला दगडावरच्या धारदार शिंपांचा ओरखडा गेला. त्यानं तो रोज नेमानं समुद्रात धुतला. बोटावर गाठ आली, ती फुटली, पुन्हा आली. मग मनगटापाशी दुसरी, तिच्यावर तिसरी. औषधाच्या दुकानातलं मलम लावून झालं, कडुलिंब लावून झाला. गाठी कोपराच्या दिशेनं निघाल्या.

"इन्नासीचे अप्पा, हे वर चढतंय," पोराच्या नावानं नवऱ्याला हाक मारत लूर्दम्माळ म्हणाली.

"चढू दे. खांद्याला पोचलं की दमेल."

आणि मग तो दिवस आला. सूसैनं पिशवी वाळूवर ओतली. शंख पडले, आणि त्यांच्यामागून शेवाळलेली दारूची एक बाटली.

कयितान शेजारीच उभा होता. हा सूसैचा जन्माचा जोडीदार. स्वतःच्या लग्नात वेदीसमोरसुद्धा याच्या तोंडून टोमणा सुटला होता. तो गप्प राहिला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे आमच्या ध्यानात आलं.

सूसै बोटाकडं बघत राहिला, दुसऱ्याच्या नापास झालेल्या पोराकडं बघावं तसा. "याला कळलंच नाही," एवढंच म्हणाला, आणि सवयीनं हात धुवायला पाण्याकडं निघाला.

वाटेत लूर्दम्माळ उभी होती. कमरेवर प्लास्टिकचा हिरवा हंडा, गोडं पाणी घेऊन येणाऱ्या लॉरीवरून भरलेला. आमच्याकडं लॉरी आली की सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरतात. ते पाणी हात धुवायला किनाऱ्यावर आणलेलं याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

"हात पुढं करा."

"लूर्दू, घरी जा."

"लॉरीचं पाणी आहे. आणलं ते परत नेणार नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत. बाटली बघितलीच की त्यांनी."

त्यानं हात पुढं केला नाही. तिनं हंडा वाळूत टेकवला आणि शेजारी बसकण मारली. ऊन चढलं. तिच्या हट्टाला एवढ्या वर्षांत ओहोटी लागलेली नाही, हे सूसैला आमच्याहून जास्त ठाऊक. शेवटी तो म्हणाला, "इस्पितळात येतो. पण हे असं इथं नको."

इस्पितळात पूंगोदै नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर स्पष्टच सांगितलं. हा पाण्यातला जंतू आहे. ओरखड्यातून शिरतो, हळू चालतो, पण आपणहून थांबत नाही. गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, जखम भरेपर्यंत बुडी बंद. हयगय केली तर बोट काढावं लागेल. "आणि समुद्राच्या पाण्यानं धुणं आजपासून बंद. साबण आणि नळाचं पाणी."

"म्हणजे समुद्र घाण झालाय, असं म्हणताय तुम्ही?"

"मी कशाला म्हणू? तुमचं बोटच म्हणतंय, अण्णा."

"बोटाचं काही ऐकू नका. ते हल्ली बाटल्या आणतंय."

गोळ्या त्यानं घेतल्या, एकही न चुकवता. धुण्याचं मात्र अडलं. समुद्रात धुवायची बंदी, आणि गोड्या पाण्यानं धुवावं तर आईला चारचौघांत घाणेरडी म्हटल्यासारखं. काही दिवस तो दाराशी हात मांडीवर ठेवून नुसता बसून होता. तो जखमेचा विचार करतोय असं आम्हाला वाटलं. तो तोडगा काढत होता.

एका पहाटे होड्या निघायच्या वेळी सूसै स्वतःच हिरवा हंडा खांद्यावर घेऊन आला. "हात पुढं करा सगळ्यांनी."

"आम्ही अजून उतरलोच नाही, अण्णा," कयितान म्हणाला. "लागलंय कुठं?"

"म्हणून तर. विड्या ओढल्यात, बोटी ढकलल्यात, कुठं कुठं खाजवलंय ते तुमचं तुम्हाला माहीत. तसले हात घेऊन आईकडं जाता? लाज नाही? आधी धुवा. आणि वर आल्यावर परत धुवा."

"वर आल्यावर कशाला?"

"रक्त-पू घेऊन घरी लेकरांना उचलता म्हणून. घाण तिची नाही रे, आपली आहे."

आईला कोणी काही बोललं नव्हतं. पहिला हात कयितानचा पुढं आला. मग सूसैनं साबणाची वडी काढली आणि सर्वांत शेवटी, सगळ्यांदेखत, स्वतःच्या बोटावर पाणी घेतलं.

उतरण्याआधी धुण्याचा वैद्यकीय उपयोग शून्य, असं पूंगोदैबाई नंतर म्हणाल्या. आधीचं धुणं नसतं तर नंतरचं कोणी केलं नसतं, हे लूर्दम्माळनं सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग दोन्ही वेळेला करा, मी मोडता घालत नाही. आज किनाऱ्यावरच्या क्रुसाशेजारी निळं पिंप आहे. ते भरतात लॉरीपाशी भांडणाऱ्याच बायका. शेजारच्या गावचे पाणबुडेही हल्ली तिथं थांबून हात धुतात. आमची माणसं त्यांना साबण अशा थाटात देतात, जणू तो इथंच शोधला गेला.

बोट वाचलं. जरा वाकडं राहिलं, व्रणावरची कातडी चकचकीत. बाईंनी हातमोजे दिले. सूसैनं उजव्या मोज्याची तर्जनी कात्रीनं कापली. उरलेली नऊ बोटं त्यानं बाईंच्या मोज्यांच्या हवाली केली. त्या कात्रीचं बाईंना अजून कोणी सांगितलेलं नाही.

पुन्हा उतरला त्या दिवशी किनाऱ्यावर कारण नसताना बरीच गर्दी होती. सूसै वर आला, पिशवी वाळूवर ओतली. मी कडं लावून पाहिलं, एकही शंख आरपार गेला नाही. आणि शेवटी पिशवीतून घरंगळली एक बाटली.

कयितान आभाळाकडं बघू लागला.

"ती मुद्दाम आणलीय," सूसै म्हणाला. "क्वार्टर आहे. झाकण अर्धंच फिरवलेलं. गळ्यापाशी टवका उडालाय. खालीच कळलं."

कयिताननं बाटली उचलली, झाकण बघितलं, गळ्यावरून अंगठा फिरवला. "सगळं बरोबर. कुठली दारू ते राहिलं, अण्णा."

"ते तू सांग. तुझीच असेल."

लूर्दम्माळनं हंडा कलता केला. सूसैनं हात पुढं धरला, ते बोट सर्वांत आधी.