माजी कारभाऱ्याची चौकशी

निमोण्याच्या ज्ञानूआबांना प्रश्न पडायचा रोग होता, आणि त्यावर शिरूरच्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं. मुक्कामाच्या एसटीचा कंडक्टर दिसला की त्याला विचारायचे, "चार-चार दिस घरी जात न्हाईस, तर घरचं कुत्रं भुकतं का रं तुझ्यावर?" मोबाइलचा टॉवर उभा करायला आलेल्या बिहारी कामगारांना त्यांनी विचारलं होतं, "तुमारे मुलुख में मेंढरं को क्या बोलते?" उत्तर मिळालं की माणूस असा खूश व्हायचा, की बघणाऱ्याला वाटावं याला जमीनच बक्षीस मिळाली.

वय चौऱ्याहत्तर, डोक्याला लाल पटका, उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर काळी घोंगडी. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की बारा घरं आपापली मेंढरं, घोडी, कुत्री घेऊन एकत्र निघायची आणि घाट उतरून कोकणात जायची. या फिरत्या बिऱ्हाडाला ते वाडा म्हणत, आणि वाड्याच्या प्रमुखाला कारभारी. कुठं मुक्काम करायचा, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, भांडण झालं तर चूक कुणाची, सगळं कारभारी ठरवणार. आबा एकोणीस वर्षं कारभारी होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी कारभाऱ्याची काठी मुलाच्या, हनुमंताच्या हातात दिली. आता वाडा फिरत नाही, जो तो कांदा आणि डाळिंबात गुंतलाय, पण बारा घरं अजून त्या काठीला मान देतात.

त्या दिवशी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पिताना टीव्हीवर बातमी लागली. कुठल्याशा लांबच्या देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. सुटाबुटातला म्हातारा, दोन्हीकडं पोलीस. गादीवर असताना त्यानं काहीतरी केलं होतं, आणि आता त्याच्यावर खटला चालवावा की नाही, यावर त्या देशात रण माजलं होतं.

आबांचा चहा कपातच राहिला. "आप्पा, ह्याला आता उभा करत्यात? गादीवर व्हता तवा का न्हाई केला?"

शेजारी हौसराव आप्पा बसले होते. तीन वेळा सरपंच झालेला बागायतदार माणूस, सध्या माजी. पण 'माजी' म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते तडकले. "हे बघ ज्ञानू, खुर्चीवरनं उतरल्या माणसाला असं छळू न्हाई. उद्या जो तो उठंल आन् मागलं उकरीत बसंल. राज्य कोण चालवील मग?"

"पर गुन्हा केला आसंल तर?"

"केला आसंल. लई वर्सं झाली की."

"म्हंजी किती वर्सं झाली की गुन्हा जुना व्हतो?"

आप्पांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि कांद्याच्या बाजाराचा विषय काढला. हौसराव आप्पा कांद्यावर आले, की समजावं माणूस अडचणीत आहे.

आबा घरी आले ते तोच प्रश्न घेऊन. इतर प्रश्न रस्त्यात कुणाला तरी विचारून संपायचे, हा संपेना. आणि तो का संपत नव्हता हे आबांना पक्कं माहीत होतं. तो प्रश्न मुळात त्या सुटाबुटातल्या म्हाताऱ्याचा नव्हताच.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोपट नावाचा तरणा गडी आबांची मेंढरं राखायला होता. अशा गड्याला वर्षाला ठरलेली कोकरं मिळत. आबांच्या कळपाची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक कापलेलं. पोपटाच्या कोकरांना टोक कापून शिवाय कानाच्या मागच्या कडेला एक खाच. एका सकाळी आबांच्याच तीन कोकरांच्या कानांना मागच्या कडेला ताज्या खाचा दिसल्या. मालकाची कोकरं स्वतःची करायला गड्यानं खाच पाडली, दुसरं काय! कारभारी म्हणून आबांनी त्याच दिवशी वाडा न्यायाला बसवला आणि निकाल दिला. पोपटाची सगळी कोकरं काढून घेतली. चोर ठरलेल्यानं घोंगडी सगळ्यांपुढं टाकून जायचं, ही वाड्याची रीत. पोपटानं घोंगडी टाकली आणि तो उघड्या खांद्यानं चालत निघाला. "दादा, बिरोबाची आन, म्या न्हाई केलं," एवढंच तो म्हणाला होता.

पुढच्या चैत्रात आबा एका आंब्याखाली पडले होते. समोर त्यांच्याच कुत्रीचं पिल्लू कोकराशी खेळत होतं. खेळता खेळता त्यानं कोकराचा कान दाढेत धरला आणि हिसडा दिला. मागच्या कडेला, अगदी सुरीनं पाडावी तशी, खाच पडली. आबा उठून बसले. कितीतरी वेळ त्या कानाकडं बघत राहिले. मग त्यांनी पिल्लू उचललं आणि वाटेवरच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, तानुबाईलासुद्धा नाही.

पोपट पाटसला गेला, उसाच्या हंगामावर राबला, तिथंच घर केलं. एवढ्यावर गोष्ट मिटली असती, निदान आबांनी ती मिटवून ठेवली होती. पण गेल्याच महिन्यात पोपटाच्या नातीची, अक्षदाची, सोयरीक मोडली. मुलगा वाड्यातल्याच बारा घरांपैकी एकाचा. सगळं ठरलं होतं. मग मुलाचा आजा म्हणाला, "त्या घराला चोरीचा डाग हाय. कारभाऱ्यानं दिलेला निकाल हाय तो."

तानुबाई भाकरी थापता थापता म्हणाली होती, "पोपटानं चोरी केली आसंल आसं मला कवाच वाटलं न्हाई. तुमास्नी वाटतं?" जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला घरात एक प्रश्न आला, आणि तो हात धुवायला उठून गेला.

दोन दिवसांनी आबा शिरूरला गेले. कोर्टाजवळ अनिताबाई वकिलीण बसतात, त्यांनी मागं आबांच्या बांधाचं काम केलं होतं. आबांनी घोंगडी नीट केली आणि सुरुवात केली. "बाई, त्यो परदेशातला म्हातारा. खटला चालवावा का न्हाई?"

अनिताबाईंना हसू आलं. "आबा, एवढ्यासाठी शिरूरला आलात?"

"एवढ्यासाठीच."

मग त्याही रंगल्या. म्हणाल्या, "प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. पण बहुतेक ठिकाणी शेवटी वाद एकाच गोष्टीवर येतो बघा. त्यानं जे केलं, ते कामाचा भाग म्हणून केलं, की स्वतःसाठी केलं? काम करताना माणूस चुकला, तर त्याला थोडं सांभाळून घेतात. नाहीतर कुणी निर्णयच घेणार नाही. पण खुर्चीचा आडोसा करून स्वतःला वाचवलं असेल, तर खुर्ची गेल्यावर आडोसाही जायला पाहिजे. असं मला वाटतं हं."

आबा मान हलवत राहिले. "आन् काम करताना चुकला... मग मागनं त्याला कळलं की आपुन चुकलो... आन् बोललाच न्हाई. तर ते कामात धरायचं का सोतासाठी?"

अनिताबाईंनी चष्मा काढला. "आबा, हे त्या परदेशातल्या म्हाताऱ्याचं आहे ना?"

आबांनी उठून रामराम केला. परतीच्या एसटीत कंडक्टर स्वतःहून म्हणाला, "काय आबा, आज कायच इचारलं न्हाई?" आबा खिडकीतून घोडनदी बघत बसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी भीमा ओलांडली आणि पाटसला पोपटाच्या दारात जाऊन उभे राहिले. पोपट आता पासष्टीचा. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण स्वतः उभाच राहिला. आबांच्या ओठांवर सगळं आलं आणि तिथंच अडलं. एवढंच म्हणाले, "औंदा बिरोबाच्या जत्रंला ये. अक्षदाला बी आन."

"कशाला, दादा? आजून काय ऱ्हायलंय?"

"ये तर खरं."

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं बारा घरं बसतात. हनुमंत काठी घेऊन मधोमध बसला होता. शेवटच्या कडेला, चपलांच्या जवळ, पोपट येऊन टेकला. शेजारी अक्षदा. बायकांत कुजबुज सुरू झाली. मुलाच्या आज्यानं तोंड फिरवलं.

आबा उभे राहिले. "मला पोपटाचा निकाल परत काढायचाय."

हनुमंत दचकला. वाड्याची एक जुनी रीत होती. कारभारी काठी खाली ठेवतो तेव्हा त्याच्या कपाळाला भंडारा लावतात, त्याचं झालं-गेलं सगळं देवाच्या पायाशी गेलं असं धरतात, आणि त्याच्या कारभारातलं पुढं कुणी काही काढत नाही. आबांच्या कपाळालाही तो भंडारा लागला होता, आणि बारा वर्षं त्यांनी तो आनंदानं मिरवला होता.

"आबा, तुमी काठी ठिवलीया," हनुमंत हळू आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. बापाची अब्रू ती त्याचीही अब्रू होती. "उतरल्या कारभाऱ्याचं काढायचं न्हाई. रीत हाय."

"उतरल्याचं काढायचं न्हाई ना? मग आन ती काठी इकडं." आबांनी पोराच्या हातातली काठी घेतली आणि मधोमध बसकण मारली. "आता मी उतरलेला न्हाई. आता काढा."

असं कधी झालंच नव्हतं. आबांनी पिल्लाची गोष्ट सांगितली. आंबा, कोकरू, दाढ, कानाची मागची कड. सांगून झाल्यावर म्हणाले, "पोपटानं चोरी केली न्हवती. माझी चूक झाली."

एक म्हातारी म्हणाली, "चूक कुनाची व्हत न्हाई, बाबा!" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. हनुमंताचा जीव भांड्यात पडला. इथंच सगळं संपलं असतं, गोडीगुलाबीत.

पण पोपट उठून पुढं आला. "कवा कळलं तुला?"

पोपट त्यांना आजवर कधी 'तू' म्हणाला नव्हता. घोंगडी टाकतानासुद्धा 'दादा'च म्हणाला होता. या प्रश्नाचं सोपं उत्तर आबांच्या अगदी जिभेवर होतं. ते पिल्लू कोणत्या साली खेळत होतं, ते एका आबांनाच माहीत. 'परवा-परवा कळलं' म्हणाले असते, तर भोळा, प्रांजळ म्हातारा म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं असतं.

"पुढच्याच चैत्रात," आबा म्हणाले.

पोपटानं मनाशी हिशेब केला. ओठ हलले. "म्हंजी तीस वर्सं तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"आन् गेल्या महिन्यात पोरीची सोयरीक मोडली, तवा बी."

"तवा बी."

मघाशी माना डोलावणाऱ्यांपैकी एकानंही आता मान हलवली नाही. बायकांतून तानुबाईचा हुंदका ऐकू आला. एवढी वर्षं संसार केला आणि हा माणूस असा निघाला, याचं तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

आबांनी काठी हनुमंताकडं परत दिली. खांद्यावरची घोंगडी काढली आणि पोपटाच्या पायांपुढं टाकली. मग कपाळावरचा जत्रेचा भंडारा हातानं पुसला आणि उघड्या खांद्यानं चालत कडेला, चपलांपाशी, पोपट उठला होता त्या जागेवर जाऊन बसले.

पोपटानं माफ केलं असं काही म्हटलं नाही. त्यानं घोंगडी उचलली, झटकली, मधोमध अंथरली आणि अक्षदाला हाक मारून तिच्यावर बसवलं. मग स्वतः बसला. थोड्या वेळानं मुलाचा आजा खाकरत सरकला आणि घोंगडीच्या काठाशी येऊन म्हणाला, "पोपटराव, पानी घ्या."

आबांना त्या दिवशी कुणी पाणी विचारलं नाही. तानुबाईनंही नाही.

आठवड्यानं ते स्टँडसमोरच्या हॉटेलात आले तेव्हा टीव्हीवर तोच परदेशातला म्हातारा होता. खटल्याला पुढची तारीख पडली होती. हौसराव आप्पांना जत्रेतलं सगळं कळलं होतं, पण ते तसं दाखवत नव्हते.

"काय ज्ञानू, तुझ्या पावन्याचं काय म्हनतोस? शिक्षा व्हावी का न्हाई?"

आबांच्या खांद्यावर घोंगडी नव्हती. पंख्याचा वारा लागत होता म्हणून त्यांनी हाताची घडी घातली होती. "शिक्षेचं त्यांचं ते बघत्याल, आप्पा. मला निराळंच कोडं पडलंय. हितकं वकील, हितकं पोलीस हायती. त्याला आजून एकानं तरी इचारलं का, की बाबा, आपुन चुकलो हे तुला कवा कळलं?"

आप्पांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. मग हॉटेलवाल्याला म्हणाले, "दुसरं काय तरी लाव रं. कांद्याचा बाजार लाव."