तिकडचे पैसे

माझ्या हातातल्या नोटा वहिनींनी घेतल्या आणि माझ्यादेखत स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या.

मीरा रोड स्टेशनजवळ पैसे बदलून देणाऱ्याचं दुकान आहे. काचेचं दार, आत एसी. साहेब नेपाळच्या नोटा घेत होते. त्यांचं झालं तसे मी माझे पैसे पुढे केले. सहा महिने बाजूला टाकत आलेले. घडी घालून, रबर लावून.

दुकानदाराने विचारलं, "इनका भी करना है?"

वहिनी हसल्या. "नहीं नहीं. ये तो काम के लिए आ रही है."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कशाला गं तिकडचे पैसे? तू काय फिरायला येतेस? हरवशील कुठेतरी. माझ्याकडे राहू दे. आणि ते वोटिंग कार्डपण दे, बॉर्डरवर लागेल."

दिलं. दुकानदार माझ्याकडे बघत होता म्हणून हसलेसुद्धा.

मी काशीमीऱ्याला राहते. हायवेला गॅरेजं आहेत त्यांच्या मागे. मी आणि माझी मुलगी. म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळायचं काम करते. ब्युरोमधून मिळतं. सिल्व्हर पार्कच्या या घरात मी दोन वर्षं होते, साहेबांच्या आईंना सांभाळायला. आजींचे दोन्ही गुडघे गेलेले. उठवणं, आंघोळ, संडास, औषधं, सगळं माझ्याकडे. पहिल्या दिवशी आजींनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. वहिनी लगेच म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही हं." मी काही विचारलंच नव्हतं.

आजींना पशुपतिनाथ बघायचा होता. विमानाची भीती. म्हणून साहेबांनी ठरवलं, गाडीनेच जायचं. नवीन मोठी गाडी घेतली होती. साहेब आणि वहिनी आलटून पालटून चालवणार. आजींसाठी मी.

गाडी सोनौलीच्या बॉर्डरवरून नेपाळात जाणार हे कळलं तेव्हा आमच्या गल्लीतले काका म्हणाले, "अगं, मग लुंबिनी तिथून जवळच. जास्तीत जास्त तासाभराचा रस्ता." बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आमच्या घरात बुद्धाचा फोटो आहे. लहानपणापासून बघतेय. पण त्याच्या जन्माची जागा आपल्या वाटेत येईल, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बघू, वेळ मिळाला तर."

पैसे त्यासाठी होते. तिथे मेणबत्त्या घ्यायच्या, फुलं घ्यायची, दानपेटीत टाकायचे. कुणाकडून मागून आणलेल्या पैशाचं दान होत नाही, असं माझं मत.

पहाटे निघालो. घोडबंदरला वळलो, चेणं गाव मागे गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एक रुपया नाही. कार्ड नाही. पोरीला फोन करायचा तर रिचार्जसुद्धा वहिनींना सांगून. वाटेत चहा हवा तर सांगून. मागायची मला सवय नव्हती. दोन वर्षांत मी त्या घरात उचल घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशात मला पाळी आली. चार दिवस आधीच. पेट्रोल पंपावरच्या संडासात कळलं. माझ्या पिशवीत काही नव्हतं. मी वहिनींच्या खिडकीशी गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "वहिनी, थोडे पैसे द्या. पॅड घ्यायचंय."

"आत्ता?" त्या मोठ्याने म्हणाल्या. साहेब टायरची हवा बघत होते. त्यांनी मान वळवली, परत फिरवली. "देवाला चाललोय आपण. आत्ताच यायची होती?"

पैसे दिले नाहीत. स्वतः उतरल्या, दुकानातून पाकीट आणलं. "हे तुझ्या पैशातून नाही हं, माझ्याकडून." मग डिकीतून प्लास्टिक काढलं आणि माझ्या सीटवर अंथरलं. "सीट नवीन आहे. आणि ती प्रसादाची पिशवी आहे ना, तिला हात लावू नकोस. देवळातपण नाही येता यायचं तुला. बाहेर चपला सांभाळ."

आणि त्याच दमात, "आईंना बाथरूमला घेऊन जा. कधीच्या सांगतायत."

हेच हात. पिशवीला चालत नव्हते. आजींना उचलायला, धुवायला, पुसायला चालत होते.

आजी संडासात माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. आमच्या वेळी तर वेगळंच बसायला लागायचं." त्या प्रेमाने म्हणाल्या. त्याचाच मला जास्त राग आला. प्लास्टिकवर बसून मी पुढचा सगळा रस्ता गेले. जरा हलले की ते करकर वाजायचं. वाजलं की वहिनी आरशात बघायच्या.

सोनौलीला पोचलो तेव्हा दुपार होती. ट्रकच्या रांगा, धूळ, रिक्षा, डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसं. समोर मोठी कमान. तिच्याखालून लोक इकडून तिकडे असे जात होते, जसं आपण रस्ता ओलांडतो. साहेब गाडी पलीकडे न्यायचा परवाना काढायला गेले. वहिनींना आणखी थोड्या नोटा बदलायच्या होत्या. पैसे बदलणाऱ्यांच्या टपऱ्या ओळीने होत्या. मी आजींना गाडीत बसवून त्यांच्या मागे गेले.

"वहिनी, लुंबिनीला कधी जायचं?"

त्या नोटा हातात घेऊन बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, ते कुठे आता. आज पोखऱ्याला पोचायचंय, हॉटेल बुक आहे. आणि तुमचा बुद्ध काय पळून जाणारे का तिथून?"

तुमचा बुद्ध.

मला ओरडावंसं वाटलं नाही. रडूही आलं नाही. सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. ती कमान. तिच्या पलीकडे दुसरा देश. तिथे मी काही नसताना जाणार होते. ना पैसा, ना कागद, ना चालणारा फोन. या बाईच्या पर्समध्ये बसून.

मी म्हटलं, "वहिनी, माझं कार्ड आणि माझे पैसे द्या."

"इथे? रस्त्यावर? तमाशा नको करूस."

"दिल्याशिवाय मी पलीकडे पाऊल टाकणार नाही."

टपरीवाला बघत होता. वहिनींचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात साहेब कागद घेऊन आले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी खिशात हात घातला. "किती हवेत तुला? मी देतो ना."

"मला देऊ नका साहेब. माझे परत द्या."

वहिनींनी पर्स उघडली. कार्ड आणि पैसे माझ्या हातात दिले नाहीत. टपरीच्या फळीवर टाकले. रबर तसंच होतं. मी उचलले, रबर काढलं आणि टपरीवाल्यापुढे ठेवले.

"बदलना है?" त्याने विचारलं.

"हाँ. सब."

नेपाळची नोट मी पहिल्यांदा हातात धरली. अक्षरं आपलीच. मला वाचता येत होती.

मी साहेबांना म्हटलं, "मी आज लुंबिनीला जाणार. तुम्ही थांबत असाल तर रात्री इथेच परत येते. उद्या निघू."

"आणि आईंचं कोण बघणार?" वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या सासूबाई आहेत."

साहेब म्हणाले, "आता गेलीस तर परत यायचं नाही."

"बरं."

गाडीपाशी गेले. आजींना शेवटचं बाथरूमला नेऊन आणलं. गोळ्यांचा डबा साहेबांच्या हातात दिला, कुठली कधी ते सांगितलं. वहिनींना दाखवलं, उठवताना दंडाला नाही धरायचं, काखेत हात घालायचा. आजींनी माझं मनगट धरलं. "जाऊ नको गं. मला हिच्याकडून नाही करून घ्यायचं." त्या रडत होत्या. त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली. ते मला जड गेलं. अजून जातं. पण सोडवली.

पिशवी घेऊन चालत पलीकडे गेले. पोट दुखत होतं. दोनदा बस बदलली, विचारत विचारत लुंबिनीला पोचले. माझ्या पैशाने तिकीट काढलं, चपला काढल्या आणि आत गेले. आईच्या पोटातून मूल बाहेर आलं, ती जागा. रांगेत किती बाया होत्या. मला कुणी विचारलं नाही, तुझा कितवा दिवस चालू आहे. मेणबत्ती लावली. आता काम नाही, पोरीची फी आहे, हेच डोक्यात होतं. शांत वगैरे काही वाटलं नाही.

उरलेल्या नोटा परत बदलून गोरखपूरवरून जनरलच्या डब्यातून घरी आले. माझ्याआधी ब्युरोत त्यांचा फोन पोचला होता. ब्युरोवाली मॅडम म्हणाली, "पेशंटला बॉर्डरवर टाकून पळालीस म्हणे. माफी मागून टाक. दोन शब्दांनी तुझं काय जातंय?"

मी मागितली नाही. तिने काम दिलं नाही. मी हायवेवरच्या हॉटेलात भांडी घासायला लागले. हाताची सालं निघाली.

मग एक दिवस वहिनींचाच फोन आला. आवाज मऊ. "आई तुझंच नाव घेतात गं. दोन बाया ठेवल्या, टिकल्या नाहीत. झालं गेलं विसरून जा. पगारपण वाढवू. साहेबांना फक्त सॉरी म्हण."

आजी डोळ्यांसमोर आल्या. खोटं कशाला बोलू, मन खालीवर झालं. पोरगी समोर पुस्तक घेऊन बसली होती. ऐकत होती.

मी म्हटलं, "येते. पण सोनौलीला तुम्ही जे वाक्य बोललात, ते आधी परत घ्या."

"कुठलं वाक्य?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"आठवा," मी म्हटलं. "आठवलं की फोन करा."

फोन आला नाही. मी वाटही बघत नाही. आता घरं मी स्वतःच शोधते, मध्ये ब्युरो नाही. नवीन घरी गेले की उंबऱ्याबाहेरच उभी राहते. आडनाव सांगते. कोण आहे ते त्यांनी विचारायच्या आधी सांगते. पाळीच्या दिवसांतही सगळ्याला हात लावणार, तुमच्या देवाच्या फुलांनासुद्धा, हे सांगते. चालत असेल तर चप्पल काढते. नसेल तर तशीच वळते.

आत्तापर्यंत चार दारांवरून वळलेय. पाचव्या दारातही हेच सांगणार.